शांतवनमामाचे अंगठे

शांतवनमामा दाराची कडी कोपरानं काढायचा. अंगठ्यानं काढली तर अंगठा झिजेल म्हणून! पाण्याची बादली तो उचलायचा नाही, लाकूड फोडायचा नाही, पिशवीची गाठसुद्धा दातानं सोडायचा. भाकरी त्याला बायकोनं मोडून द्यावी लागे. त्याची बायको राहेलमामी भर चाळीत ओरडायची, "राजाच हाय न्हवं माजा! समद्या जगात ह्येलाच अंगठं हायती, आमाला न्हाईतच जनू!" शांतवनमामा हसायचा आणि पायरीच्या दगडावर अंगठ्याचं नख घासत बसायचा. नख जरा वाढलं तरी समोरच्याच्या अंगात रुततं, म्हणून रोज सकाळी प्रार्थनेच्याही आधी त्याचं हे काम चाले.

आधीच एक सांगून ठेवते. तोंडावर मी त्याला कायम 'अहो मामा'च म्हटलं, अगदी शेवटच्या भेटीतसुद्धा. पण मनात तो कधीच 'अरे' झालाय. आता माझंही वय झालं, तेव्हा इथं मी 'तो'च म्हणणार. कुणाला उद्धट वाटलं तर वाटो.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. नगर जिल्ह्यात, बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या चाळीत आमचं नवं बिऱ्हाड होतं. माझे यजमान वसंत गोदामात साखरेची पोती वाहायचे, मी शाळेत पोरांना शिकवायचे. भिंतीला भिंत लागून शांतवनमामाची खोली. तोही आमच्यासारखाच ख्रिस्ती, रविवारी प्रार्थनेला आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो. नात्यानं तो आमचा कुणीच नव्हता. पण माझं माहेर लांब आणि सासू-सासरे देवाघरी गेलेले, त्यामुळे वडीलधारं म्हणायला तोच.

लढाईच्या काळात तो नगरच्या छावणीत, लष्करी इस्पितळात जखमी शिपायांचं अंग रगडायला होता. तिथं एका म्हाताऱ्या हवालदारानं त्याला ही विद्या दिली. लढाई संपली, शिपाई गेले, ह्यालाही निरोप मिळाला. मग कारखान्यात बॉयलरपाशी चिपाडं ओढायला लागला. उसाच्या त्या चिपाडांनी हात ओरबाडून निघायचे. अंगठ्यांना फडकी गुंडाळून तो कामावर जायचा आणि संध्याकाळी फडकी सोडून बोटं अशी निरखायचा की तान्ह्या पोराला कुणी काय निरखेल!

तेल चोळून अंग मऊ करणारे पुष्कळ असतात. शांतवनमामाचं तसलं काही नव्हतं. त्याचं म्हणणं, दुखणं एकीकडे असतं आणि ते पाठवणारी गाठ दुसरीकडे. स्नायूत कुठंतरी ज्वारीच्या दाण्याएवढी घट्ट गाठ बसलेली असते आणि ती लांबवर कळ धाडते. "बोटाला काय इचारतो? मानंला इचार," असं तो म्हणायचा. माणूस कण्हत आला की कुठं दुखतं हे तो विचारायचाच नाही. निजतोस कोणत्या कुशीवर, हंडा कोणत्या खांद्यावर घेतोस, बैल हाकताना कोणता हात वर असतो, असलं काहीबाही विचारत बसायचा. मग अंगठे काखेत धरून ऊन करायचा आणि दुखत नसलेल्या बाजूनं चाचपायला सुरुवात करायचा.

चाचपताना गुणगुणायचा. प्रार्थनेतलंच एक गाणं, शब्द त्याला धड येत नसत, नुसती चाल. आणि अंगठा गाठीवर आला की गुणगुणणं थांबायचं. आपोआप. बोलणाऱ्या माणसाला ठेच लागावी आणि तो गप व्हावा, तसं. गाठीवर अंगठा तसाच दाबून धरायचा, समोरचा "अगं आई गं!" करून ओरडायचा, आणि हळूहळू त्याचा आवाज उतरत जायचा. मग पुन्हा चाल सुरू. चाळीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं, मामा गप झाला की गाठ सापडली.

आमच्या प्रार्थनेत पेटी वाजवणारे एक भाऊ होते. त्यांचं मनगट इतकं दुखायचं की नाताळच्या तोंडावर ते म्हणाले, मी पेटी सोडतो. मनगटाला लेप लावून झाले होते, पट्टे बांधून झाले होते. शांतवनमामानं मनगटाकडे बघितलंही नाही. पाठीवर खांद्याचा फरा असतो ना, त्या फऱ्यावर अंगठा फिरवत राहिला, गप झाला आणि दाबलं. भाऊ किंचाळले, "अहो, मनगटात कळ आली!" मामा म्हणाला, "आली न्हवं? घर सापडलं मग." नाताळला भाऊंनी पेटी अशी वाजवली की गाणारे मागे पडले आणि पेटी पुढं धावली. त्यावरूनही भांडण झालंच, पण ते वेगळं.

बायकांना मात्र तो हात लावत नसे. बायकांची अंगं काय दुखत नाहीत? उलट जास्तच. मग त्यानं युक्ती काढली. बाई आमच्या खोलीत पालथी निजायची, मधे लुगड्याचा आडपडदा, पडद्याबाहेर मामा पाठ करून बसलेला. आत मी. तो बाहेरून सांगायचा, "फऱ्याच्या कडंनं खाली ये, रत्ना. आता थांब. जरा मनक्याकडं सरक. काय लागतंय?" मी म्हणायचे, "दोरीसारखं लागतंय, मामा." "दोरी धर. दोरीवर गाठ आसंल." आणि असायचीच हो! पहिल्यांदा माझ्या अंगठ्याखाली तो दाणा आला तेव्हा मी आनंदानं ओरडले आणि खालची बाई दुखण्यानं. मामा पडद्याबाहेर हसत होता. "आता माजं चार अंगठं झालं," म्हणाला. मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

चाळीत एक सासुरवाशीण होती, सखू. सासू तिला माहेरी म्हणून पाठवायची नाही. एक दिवस पोर कंबर धरून बसली, उठेचना. सासू तिला ओढत आमच्याकडे घेऊन आली, "बगा हिचं सोंग!" मी आत सगळी पाठ चाचपली. दोरी नाही, गाठ नाही, काही नाही. पोर उशीत तोंड खुपसून रडत होती. मी पडद्यापाशी जाऊन हळूच म्हटलं, "मामा, काही नाहीये." मामाचं गुणगुणणं चालूच होतं. ते कडवं त्यानं पुरं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं द्येवा! लई मोठी गाठ हाय. काम न्हाई करायचं. म्हयनाभर माहेरी धाडा, न्हाईतर पोरगी लुळी पडंल." सासूचं तोंड बघण्यासारखं झालं. सखू महिनाभर माहेरी राहून आली, तुकतुकीत होऊन. आम्ही कितीतरी दिवस त्यावरून हसत होतो. ह्या माणसाला इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात का नाही आलं, देव जाणे.

मग वसंतचा हात दुखायला लागला.

कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या, पकड ढिली. पोतं पाठीवर घेतलं की हातातून सुटायचं. गोदामात पोतं सुटणं म्हणजे खेळ नव्हे, खालच्याच्या अंगावर पडलं तर संपलं. शांतवनमामानं त्यांना आमच्याच ओट्यावर बसवलं. "सोताला मिठी मार," म्हणाला. दोन्ही हात छातीवरून आवळून धरले की पाठीवरचा फरा बाजूला सरकतो आणि त्याच्याखाली दडलेली जागा उघडी पडते. तिथं त्याचा अंगठा गेला, चाल थांबली आणि वसंतची करंगळी फडफडायला लागली. आम्ही तिघांनी ती बघितली. मामा म्हणाला, "जुनी हाय. मी दाबीन रोज, पर वझं बंद कर. दोन म्हयनं हलकं काम माग. वझं न्हाई थांबवलं तर हात जाईल, पोरा."

हे त्याचे शब्द. माझ्या कानांनी ऐकलेले.

त्या हंगामात अंग दुखतं म्हणणारे पुष्कळ निघाले. पोती जड आणि माणसं कमी, निघणारच. हापिसातले साहेब म्हणाले, हे सगळे कामचुकार आहेत. आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, घाईघाईनं मलम द्यायचे आणि जायचे. तेव्हा चाळीतली माणसं एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं की आपण साहेबांना सांगायचं, आमची अंगं शांतवनमामाला तपासू द्या. तो ज्याला खरा म्हणेल त्याला हलकं काम द्या, खोटा म्हणेल त्याला पुन्हा पोत्यांवर हाकला. वसंतच सगळ्यांच्या पुढं होते. आपला माणूस, आपल्या चाळीतला, त्याच्या अंगठ्यांना कोण फसवणार? आणि तो आपल्याला फसवील, हे तर कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. अशी मागणी करायला आमच्यासारखेच भाबडे लोक लागतात.

साहेबांनी मागणी मान्य केली. चाळीत गूळ वाटला! शांतवनमामाचं चिपाडं ओढणं सुटलं, त्याला हापिसात जागा मिळाली, खाकी कोट मिळाला. अंगठ्यांची फडकी राहेलमामीनं चुलीत घातली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. "आता ह्येंचं हात वाचलं गं," म्हणाली.

पहिल्या हप्त्यात जेवढे गेले तेवढे सगळे खरे ठरले. होतेच खरे. मग एक दिवस वसंतला बोलावणं आलं. माझी शाळा सकाळची होती, ती सुटल्यावर मी तशीच हापिसाच्या व्हरांड्यात गेले. खिडकी उघडी होती. साहेब खुर्चीत, बाजूला कारकून, मधे स्टूल. वसंत सदरा काढून स्टुलावर बसले तेव्हा हसत होते. मला खिडकीत बघून त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे काळजी नको. मामानं माझ्याकडे बघितलं नाही.

"सोताला मिठी मार," मामा म्हणाला.

वसंतनं हात आवळले. मामा गुणगुणायला लागला. अंगठा फऱ्याच्या कडेनं आत गेला. चाल थांबली. वसंतची करंगळी फडफडली, मला खिडकीतून दिसली. अंगठा तिथंच होता. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. आणि मग त्यानं चाल जिथं सोडली होती तिथूनच पुन्हा धरली. ओळ पुरी केली. अंगठे कोटाला पुसले.

"काई न्हाई सायेब," म्हणाला. "अंग साफ हाय."

वसंत तसेच बसून राहिले, स्वतःला मिठी मारून. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मामा," ते म्हणाले, "आवो मामा, तुमीच म्हनला हुता..." साहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकून म्हणाला, सदरा घाला. व्हरांड्यात आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. गुणगुणणं थांबलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी काही बोललं नाही. प्रत्येकाला उद्या त्याच स्टुलावर बसायचं होतं ना!

मी तशीच त्याच्या घरी जाऊन बसले. तो जेवायला आला. राहेलमामी ताटात भाकरी मोडून घालत होती, तिला काही कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, गाठ सापडली होती."

"व्हय," तो म्हणाला.

निदान नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं तेवढीही लाज राखली नाही.

"मग?"

"सायेब म्हनलं, समदीच खरी कशी निगत्यात? एक बी खोटा न्हाई? मंग तू कशाला हाईस हितं, जा म्हनलं बॉयलरवर." त्यानं दोन्ही अंगठे माझ्यासमोर धरले, मी जणू ते कधी बघितलेच नव्हते. "कुनाला तरी खोटं म्हनायचंच हुतं, रत्ना. म्या लई इचार केला. बाकीच्यांच्या घरात एकच कमावता. तुजी शाळंची नौकरी हाय. तुमचं भागंल. आन्..."

"आणि काय?"

"आन् तुमी आपली मान्सं. परकं मानूस जलमभर वैर धरंल. तुमी माफ कराल."

ऐकलंत? आम्ही जवळचे, म्हणून आमची मान कापायची. परक्याला फसवायची त्याला भीती वाटली. आम्हाला फसवायला भीती कसली! आमची माया त्यानं मोजून बघितली आणि ती पुरेल असं त्याला वाटलं. राहेलमामीच्या हातात नवी भाकरी होती. ती तिनं न मोडता अख्खी त्याच्या ताटात टाकली. "मोड आता तुज्या हातानं," म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

वसंत पुन्हा पोत्यांवर गेले. जाऊ नका म्हणून मी पाया पडले, पण सोंगाड्या म्हणवून घेऊन घरी बसणं त्यांना जमेना. आठवडाभरात पोतं सुटलं. नशीब, खाली कुणी नव्हतं. पोतं फाटून साखर मातीत गेली, आणि मुद्दाम पाडलं म्हणून त्यांना काढून टाकलं. खोली कारखान्याची, तीही गेली. सामान गाडीत चढवताना शेजारी मदतीला आले, मान खाली घालून. शांतवनमामाही आला होता. तो एका हातानं ट्रंक धरायला गेला तेव्हा वसंत शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मामा, तुमचं अंगठं दुखतील."

आम्ही नगरला आलो. मला शाळा मिळाली, वसंत एका वखारीवर राखणदार झाले. हात गेला नाही, पण राहिलाही नाही. उजव्या हातानं पेला धरला की पेला थरथरायचा. मला गाठ ठाऊक होती, जागा ठाऊक होती, दाबायचं कसं तेही येत होतं. मी म्हणायचे, बसा, मी बघते. ते म्हणायचे, "कशाला? अंग साफ हाय माझं." थट्टेनं म्हणायचे, पण पाठीला हात लावू द्यायचे नाहीत. मला नाही, कुणालाच नाही. त्या स्टुलावर बसून उठलेल्या माणसानं पुन्हा कुणाच्या हातात पाठ दिली नाही. नोकरी गेली ते मी कधीच विसरले असते. हे नाही विसरले.

त्याच्याबद्दल अधूनमधून कानावर यायचं. आमच्यानंतर दर हप्त्याला कुणीतरी एक खोटा निघायचाच म्हणे. चाळीतली माणसं त्याच्याकडे संध्याकाळी दुखणी घेऊन जायची बंद झाली. राहेलमामी लेकीकडे गेली ती परत आली नाही.

स्वातंत्र्य आल्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी फाटक वाजलं. वसंत वखारीवर होते. मी दार उघडलं तर शांतवनमामा. खाकी कोट अंगात नव्हता. वाळून गेलेला. मी या म्हटलं नाही, पण तो ओट्याच्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं. तांब्या दोन्ही तळव्यांत धरून तो पाणी प्यायला. तेव्हा मला कळलं.

"अंगठं गेलं, रत्ना," तो म्हणाला. "दोनी. आग हुती, कळ येती, दाबायला गेलं तर जोरच न्हाई. सायबानं काढलं मला. लई जनांनी अंगठं चोळलं, लेप झालं, काई फरक न्हाई." मग खाली बघत म्हणाला, "अंगठ्यात काई नसंल. वर कुटं तरी आसंल. मला माजं सापडंना. दुसऱ्या कुनाला ठावं न्हाई. तू बगशील?"

त्यानं सदरा खांद्यावरून सरकवला आणि वाट बघत बसला. आडपडदा नव्हता. मी त्याच्या मागं जाऊन बसले आणि माझे अंगठे काखेत धरून ऊन केले, कारण थंड अंगठा लावू नये हे त्यानंच शिकवलं होतं.

मानेच्या बाजूनं, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, मी चाचपत गेले. तो गुणगुणायला लागला. सवयीनं. तीच चाल. बोटाला काय विचारायचं, मानेला विचारायचं. दोरी लागली. दोरीवरून अंगठा पुढं नेला आणि दाणा आला, चांगला टणक. त्याचं गुणगुणणं थांबलं. मांडीवरचा त्याचा अंगठा थरथरला.

"सापडली न्हवं?" त्यानं विचारलं. त्या आवाजात काय आशा होती! रोज दाबली असती तर महिन्या-दोन महिन्यांत मोकळी झाली असती ती गाठ. त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

मी अंगठा उचलला आणि पदराला पुसला.

"काही नाही मामा," मी म्हटलं. "अंग साफ आहे."

तो हलला नाही. वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "व्हय. साफच आसंल." आणि सदरा वर ओढला.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण हाक मारून परत बसवावं इतकं नाही वाटलं, आणि अजूनही वाटत नाही. त्याला गळ्याची गुंडी लावता येईना, बोटांतून सारखी निसटत होती. ती मी लावून दिली. तेवढ्यापुरता तो माझ्याकडे बघत होता, मी गुंडीकडे.

मग तो उठला आणि अंगण ओलांडून गेला. फाटकाची कडी त्यानं कोपरानं काढली. तो गेल्यावर मी जाऊन ती आतून लावून घेतली.